निकामी बॅटरी जाते कोठे?
(एक अभ्यासलेख)

विजेचा शोध लागला आणि माणसाचा अंधार दूर झाला, असे आपण शाळेच्या पुस्तकांतून शिकवतो. परंतु वीज साठवून खिशात घालण्याची विद्या ज्या वस्तूने माणसास दिली, त्या बॅटरीचा विचार आपण सहसा करीत नाही. आणि ती निकामी झाल्यावर तिचे पुढे काय होते, याचा तर कधीच नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा थोडा पद्धतशीर विचार करावयाचा आहे. विषय शास्त्राचा असला तरी तो प्रयोगशाळेतला नाही. तो आपल्या गोठ्यातला, माळ्यावरचा आणि मुलांच्या खेळण्यातला आहे.

१. आपल्या घरातील बॅटऱ्या

आपल्या भागात हातातल्या विजेरीलाच 'बॅटरी' म्हणतात. रात्री ओलिताला जाणाऱ्या शेतकऱ्याची ती जुनी सोबतीण. पण गेल्या काही वर्षांत बॅटऱ्यांचे कुटुंब फार वाढले. लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात संत्र्याचे बगीचे आणि कपाशीची शेते. तेथे पाठीवरचा फवारणी पंप आता हाताने मारावयाचा राहिला नाही. त्याच्या तळाशी बारा व्होल्टची बॅटरी असते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी तारेला झटका देणारे यंत्र बसवतात, त्यालाही बॅटरी लागते. ट्रॅक्टर, मोटारसायकल, घरचा इन्व्हर्टर, ई-रिक्षा, सौर दिवे, मोबाईल, भिंतीवरचे घड्याळ, टीव्हीचा रिमोट, मुलांची बोलणारी बाहुली, या प्रत्येकात एक बॅटरी आहे आणि प्रत्येकीस मरण आहे.

ही मेलेली बॅटरी जाते कोठे? लहान असेल तर उकिरड्यावर, आणि उकिरड्यातून शेणखताबरोबर शेतात. मोठी असेल तर गोठ्याच्या कोपऱ्यात, आणि मग भंगारवाल्याच्या गाडीवर. मोबाईलची असेल तर पेटीच्या तळाशी. यांपैकी कोणता मार्ग किती धोक्याचा, हे कळण्यासाठी आधी बॅटरीच्या पोटात काय असते ते पाहिले पाहिजे.

२. बॅटरीच्या पोटात

इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा याने १८०० साली जस्त आणि तांबे यांच्या चकत्या एकावर एक रचून, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवून, सतत वाहणारा विद्युत्प्रवाह मिळविला. तत्त्व तेच आजही आहे. दोन भिन्न पदार्थ आणि त्यांमध्ये एक रसायन एवढे जुळले की एक पदार्थ झिजतो आणि त्या झिजेतून वीज निघते. म्हणजे बॅटरी ही विजेची टाकी नव्हे. ती एक छोटीशी भट्टी आहे, आणि धातू हे तिचे सरपण आहे. सरपण जळले की राख उरते. बॅटरी संपली की धातूंची संयुगे उरतात. भेद एवढाच की लाकडाची राख मातीस हितकर, आणि ही राख बहुधा अहितकर.

१८५९ साली फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते याने शिसे व गंधकाम्ल यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. १८६६ साली लक्लांशे याने जस्त व मँगनीज यांचा घट सिद्ध केला. आपला साधा सेल त्याचाच वंशज. १८९९ साली स्वीडनच्या युंगनर याने निकेल व कॅडमियम यांची जोडी जमविली. लिथियमची, पुन्हा भरता येणारी बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि तिच्या शोधाबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांस मिळाले.

३. सगळ्या सारख्या नव्हेत

या विषयावर बोलताना पुष्कळ जण सगळ्या बॅटऱ्यांना एकाच तराजूत तोलतात. त्यामुळे भीती वाढते, ज्ञान वाढत नाही. म्हणून त्यांची वर्गवारी करू.

पहिला वर्ग साध्या सेलचा. बाहेर जस्ताची डबी, मध्ये कर्बाची कांडी आणि भोवती मँगनीजचा काळा मसाला. खेड्यांतील मुले जुना सेल दगडाने फोडून कांडी काढीत, आणि तो काळा मसाला पाल्याच्या रसात कालवून शाळेचा फळा काळा करण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती. जस्त गंजू नये म्हणून पूर्वी या सेलांत थोडा पारा घालीत. खरा धोका त्या पाऱ्याचा होता. भारताच्या २०२२ च्या नियमांनी लहान बॅटऱ्यांत पाऱ्याचे प्रमाण वजनाच्या ०.०००५ टक्क्यापेक्षा आणि कॅडमियमचे ०.००२ टक्क्यापेक्षा अधिक असण्यास मनाई केली आहे. तेव्हा आजचा चांगल्या प्रतीचा साधा सेल हा चौघांत सर्वांत कमी अपायकारक म्हणावा लागेल. तथापि फोडून हात काळे करावेत असाही तो नव्हे. मँगनीजची धूळ श्वासावाटे दीर्घकाळ जात राहिली तर मज्जासंस्थेस बाधते, आणि फुटलेल्या सेलचा रस कातडी व डोळे भाजतो.

दुसरा वर्ग बटणासारख्या चपट्या सेलचा. घड्याळात, गाडीच्या किल्लीत, खेळण्यात तो असतो. त्याचा धोका मातीपेक्षा मुलास अधिक. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यामुळे विद्युत्प्रवाह सुरू होऊन दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजते. अशा वेळी ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. क्षणाचाही विलंब न लावता मोठे रुग्णालय गाठावे.

तिसरा वर्ग लिथियमच्या बॅटरीचा. मोबाईल व नव्या विद्युत्-गाड्यांत ती असते. ती दबली, भोसकली गेली किंवा फुगली, तर आतल्या आत जोडणी होऊन पेट घेते आणि विषारी वायू सोडते. कचऱ्याच्या ढिगास लागणाऱ्या आगींचे हे एक नवे कारण आहे. उलट तिच्यात लिथियम, कोबाल्ट, निकेल असे मोलाचे धातू असतात, जे आपल्या देशास परदेशातून आणावे लागतात. म्हणजे आपण ती फेकतो तेव्हा विषही फेकतो आणि धनही फेकतो.

चौथा वर्ग शिशाच्या बॅटरीचा. ट्रॅक्टर, इन्व्हर्टर, बहुतेक फवारणी पंप व पुष्कळशा ई-रिक्षा यांत ती असते. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे व त्याची संयुगे यांचा, आणि बाकीच्यात गंधकाम्ल. या लेखाचा खरा विषय हीच होय.

४. शिसे आणि मूल

मराठीत 'शिसपेन्सिल' म्हणतात, पण तिच्यात शिसे नसते. ते ग्राफाइट असते. मूल पेन्सिल चावते म्हणून घाबरणारे आईबाप असतात, आणि त्याच घरात इन्व्हर्टरखाली सांडलेल्या पाण्यात ते मूल रांगत असते. भय असावे, पण ते योग्य ठिकाणी असावे.

शिसे जड, मऊ आणि ३२७ अंश सेल्सियसला वितळणारे. म्हणजे साध्या चुलीवरही ते वितळते. आणि हाच त्याचा दोष होऊन बसला आहे. मासे धरण्याच्या जाळ्याला वजने ओतावयाची असोत, नाहीतर भंगारातून शिशाची लगड करावयाची असो, कढई आणि जाळ एवढे असले की काम होते. बॅटरी कुऱ्हाडीने फोडली जाते, आम्ल जमिनीवर ओतले जाते, पट्ट्या कढईत वितळवल्या जातात. या तिन्ही पायऱ्यांवर शिशाची बारीक धूळ आणि धूर सुटतो. तो काम करणाराच्या केसांत, कपड्यांत बसतो आणि संध्याकाळी त्याच्या घरी जातो. बाप मुलास उचलून घेतो, तेव्हा त्याला ठाऊकही नसते की आपण काय बरोबर आणले आहे.

शिसे शरीरात गेले म्हणजे शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते. म्हणून ते हाडांत जाऊन बसते आणि तेथे वर्षानुवर्षे राहते. गर्भारपणात आईच्या हाडांतून कॅल्शियम सुटते, त्याबरोबर हे जुने शिसेही सुटते आणि गर्भापर्यंत पोहोचते. लहान मुलांचे शरीर तर पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढांच्या चार ते पाच पट भाग शोषून घेते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा परिणाम प्रथम बुद्धीवर होतो. मूल मंदावते, चिडखोर होते, लक्ष देऊ शकत नाही, रक्त कमी होते. त्याला ताप येत नाही, पुरळ उठत नाही. वर्गात आपण त्याला आळशी म्हणतो. एखाद्या मुलाच्या मागे पडण्याचे कारण त्याच्या रक्तातही असू शकते, हे शिक्षकाने ध्यानी ठेवले पाहिजे.

रक्तातील शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणून ज्ञात नाही. तथापि एक डेसिलिटर रक्तात पाच मायक्रोग्रॅम आढळले म्हणजे शिसे कोठून येते ते शोधून बंद करावे, असा संकेत आहे. आता थोडे गणित करू. वीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सुमारे दीड लिटर, म्हणजे पंधरा डेसिलिटर रक्त असते. पंधरा गुणिले पाच म्हणजे पंचाहत्तर मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. भागाकार केला तर एका ग्रॅम शिशात असे तेरा हजारांहून अधिक वाटे होतात. अर्थात पोटात गेलेले सगळे शिसे रक्तात उतरत नाही, आणि उतरलेले पुष्कळसे हाडांत जाते. हा हिशेब केवळ प्रमाणाची कल्पना यावी म्हणून. पण एका इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसे ग्रॅमांत नसते, किलोंत असते, हे विसरू नये.

आफ्रिकेतील सेनेगल देशात डाकार शहराजवळ थियारॉय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तेथे लोक वर्षानुवर्षे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढीत. पुढे शिशास भाव आला, तेव्हा लोकांनी ती माती चाळून शिशाचे कण वेचण्यास सुरुवात केली आणि मातीची पोती घरांत आणून ठेवली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या थोड्या काळात तेथील अठरा लहान मुले दगावली.  ती मुले त्या मातीच्या सान्निध्यात राहत होती.

हे दूरच्या देशातले म्हणून सोडून देता येत नाही. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालाने असा अंदाज दिला की जगातील सुमारे ऐंशी कोटी मुलांच्या रक्तात पाच मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे आहे, आणि त्यांपैकी साडेसत्तावीस कोटी एकट्या भारतातील. भारताने २००० साली शिसेयुक्त पेट्रोल सर्वत्र बंद केले, ही मोठीच गोष्ट झाली. पण हवेतून हाकललेले शिसे मातीतून परत येऊ नये, हे आता पाहावयाचे आहे. रंग, काही भांडी, भेसळीची हळद असे शिशाचे इतरही मार्ग आहेत. परंतु जगातील शिशाचा बहुतांश वापर आज बॅटऱ्यांतच होतो.

५. माती, पाणी आणि विलंब

शिसे सामान्यतः मातीच्या वरच्या थरास चिकटून राहते. पावसाबरोबर ते लगेच विहिरीत उतरते असे नाही. म्हणून पहिला धोका धुळीचा आणि हात न धुता खाण्याचा. परंतु तेथे आम्ल ओतले असेल तर शिसे विरघळते आणि वाट काढते. नाल्याच्या काठी ढीग असेल तर गाळाबरोबर वाहते. आपली जाम नदी कन्हानास मिळते. कन्हानचे पाणी नागपूर पिते, आणि पुढे ते वैनगंगेतून, प्राणहितेतून गोदावरीस जाते. आपल्या गावाच्या उकिरड्याची हद्द कोठे संपते, हे नगर परिषदेच्या नकाशावर पाहून कळणार नाही.

पाण्यात सोडलेल्या धातूंनी काय होते, हे जपानने दोनदा पाहिले. मिनामाता येथे एका रासायनिक कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांत आणि माशांतून माणसांत गेला. १९५६ साली तो रोग प्रथम अधिकृतपणे नोंदला गेला. जिंझू नदीच्या काठी खाणीतले कॅडमियम भातशेतीत गेले आणि माणसांची हाडे इतकी ठिसूळ झाली की त्या रोगाचे नावच 'दुखते, दुखते' अशा अर्थाचे पडले. १९६८ साली तेथील सरकारने त्याचे कारण मान्य केले. ही दोन्ही प्रकरणे बॅटऱ्यांची नव्हेत. पण धातू तेच, आणि धडाही तोच: धातू कुजत नाही, जळून नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो.

विलंबाचा धडा तर आपल्याच राज्यात आहे. ज्या युनियन कार्बाइड कंपनीच्या 'एवरेडी' सेलांनी कित्येक पिढ्यांच्या विजेऱ्या उजळल्या, तिचाच भोपाळचा कारखाना कीटकनाशकांचा होता. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची वायुगळती सर्वांस ठाऊक आहे. त्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा तेथून हलला तो जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, आणि तोही पिथमपूरला नेताना तेथील लोकांनी विरोध केला. कचरा उचलणे हे कचरा न करण्याहून किती अवघड असते, याचा हा पुरावा होय.

६. कायदा काय म्हणतो

२००१ साली आपल्या देशात बॅटऱ्यांचे पहिले नियम झाले. ते केवळ शिशाच्या बॅटरीपुरते होते. त्यांनी विक्रेत्यावर जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी टाकली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले, आणि ते लहानमोठ्या सर्व बॅटऱ्यांना लागू आहेत. त्यांचा मुख्य आशय असा: बॅटरी करणारा किंवा आयात करणारा, त्यानेच ती निकामी झाल्यावर गोळा करून नोंदणीकृत कारखान्याकडून तिचे धातू परत काढवून घ्यावेत. ती पुरू नये, जाळू नये. वापरणाराने ती घरच्या कचऱ्यात मिसळू नये. बॅटरीवर फुली मारलेल्या कचराडब्याचे जे चित्र असते, त्याचा अर्थ हाच. आपण ते दररोज पाहतो आणि वाचत नाही.

शिवाय २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या 'घरगुती घातक कचरा' या वर्गात घातल्या आणि तो वेगळा स्वीकारण्याचे केंद्र उघडण्याचे काम स्थानिक संस्थेवर सोपवले. तेव्हा असे केंद्र मागणे ही कोणाची मेहरबानी मागणे नव्हे.

आपला भाग सीमेवरचा. कायद्याची कचेरी भोपाळला, आणि भंगाराचा बाजार नागपूरला. अशा ठिकाणी वस्तू दोन्हींच्या मधून निसटते. म्हणूनच येथे नागरिकाची सावधगिरी अधिक हवी.

७. आपण काय करावे

१) शिशाची जुनी बॅटरी नवी घेतानाच दुकानदारास परत द्यावी आणि तिची किंमत वजा झाल्याचे पावतीवर लिहून घ्यावे. फेरीवाला पन्नास-शंभर रुपये अधिक देईल. पण ती कोठे फुटणार हे तो सांगणार नाही.

२) फवारणी पंपाची वा झटका-यंत्राची बॅटरी लहान म्हणून गोठ्यात टाकू नये. तीही शिशाचीच असण्याचा संभव आहे.

३) बॅटरी घरी फोडू नये, तिचे शिसे चुलीवर वितळवू नये, आम्ल मोरीत ओतू नये. आम्ल सांडलेच तर त्यावर चुना किंवा खाण्याचा सोडा टाकावा. अंगावर उडाले तर पुष्कळ पाण्याने बराच वेळ धुवावे.

४) साधे सेल व बटणसेल प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात कोरडे साठवावेत. लिथियमच्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. कोणताही सेल शेकोटीत टाकू नये, तो फुटतो.

५) फुगलेली मोबाईल-बॅटरी दाबू वा टोचू नये. ती घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून दुरुस्तीच्या दुकानात द्यावी.

६) भंगाराचे काम करणाऱ्या बांधवास दोष देऊन भागणार नाही, तो पोटासाठी करतो. त्याला एवढे समजावून सांगावे की घरी जाण्यापूर्वी कपडे बदलावेत, हातपाय व केस धुवावेत, आणि बॅटरी न फोडता अख्खी विकावी. अख्खीलाही भाव असतो.

७) दर शाळेत, प्रार्थनास्थळाच्या आवारात किंवा संस्थेच्या कार्यालयात एक डबा ठेवावा आणि तो भरला की नगर परिषदेकडे रीतसर, पोच घेऊन, सोपवावा.

विद्यार्थ्यांसाठी घरचा अभ्यास असा: आपल्या घरातील सर्व बॅटऱ्या मोजा. वरील चार वर्गांत त्यांची विभागणी करा. प्रत्येकीवर काय छापले आहे ते वहीत उतरवा. गेल्या वर्षी निकामी झालेल्यांपैकी किती जणींचा ठावठिकाणा सांगता येतो ते आईवडिलांस विचारा. उत्तर न आलेला रकाना कोरा ठेवा. तो कोरा रकानाच या लेखाचा विषय आहे.

८. समारोप

मराठीत 'अनामत' हा शब्द रोजच्या व्यवहारातला आहे. तो मूळचा अरबी 'अमानत'; दुसऱ्याने विश्वासाने आपल्याजवळ ठेवलेली आणि जशीच्या तशी परत करावयाची ठेव. जुन्या बॅटरीची किंमत नव्या बॅटरीतून वजा होते, तेव्हा ती एका अर्थी अनामतच असते. तिच्यातले शिसे खाणीतून एकदा निघाले. ते वितळवून पुन्हा पुन्हा बॅटरीत घालता येते, त्याचा गुण कमी होत नाही. म्हणजे शिसे मुळात वाईट नाही. ते जागेवर असले की धन, आणि जागा सोडली की विष.

कोणतीही सार्वजनिक संस्था इतकी वर्षे टिकते ती लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवून दिलेले तिने जपले म्हणून. आपल्या पायाखालची काळी माती ही आपल्याला मिळालेली अशीच ठेव आहे. तिच्यात आपण कापूस पेरतो, संत्र्याची कलमे लावतो, आणि आपली मुले तिच्यात खेळतात. पुढच्या पिढीने तिचा हिशेब मागितला तर आपल्याला तो देता यावा. त्यासाठी मोठा त्याग नको. या आठवड्यात गोठ्याचा कोपरा आणि माळ्यावरची पेटी एकदा उघडून पाहावी, एवढेच पुरे.